समुद्र ओलांडता येत होताच, माल कुणाच्या हवाली करायचा हा खरा प्रश्न होता

प्रश्न असा आला आहे: इंजिन नव्हतं, धड नकाशे नव्हते, तरी आठव्या ते चौदाव्या शतकात येमेनमधलं एडन आणि इराकमधलं बसरा इथपासून चीनपर्यंतचा सागरी व्यापार एवढा कसा फोफावला? जहाजं सुधारली म्हणून का? आणि या सगळ्यात आपल्या कोकणाचा वाटा किती?

पश्चिम किनाऱ्यावरची जुनी बंदरं हा माझा अनेक वर्षांचा अभ्यासाचा आणि शिकवण्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. जहाजं सुधारली हे खरं, पण अरबी समुद्रापुरतं बोलायचं तर कारणांच्या यादीत ते बरंच खाली येतं. अरबस्तान ते भारत ही वाट नवी नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातच तांबड्या समुद्रातून निघालेली जहाजं किनारा सोडून, मोसमी वाऱ्यावर भर समुद्रातून आपल्याकडे येत होती. मध्ययुगात मोठा बदल झाला तो किनाऱ्यावर. परक्या मुलखातल्या व्यापाऱ्याचा माल, पैसा आणि जीव सांभाळला जाईल अशी व्यवस्था एकामागून एका बंदरात उभी राहिली, आणि दोन टोकांना खूप मोठी गिऱ्हाइकं तयार झाली. या दोन गोष्टी समजल्या की बाकीचं उलगडत जातं.

वाऱ्यापासून सुरुवात करू. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको: मृग लागला की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुन्हा पाण्यात लोटायच्या. सगळा हिंदी महासागर याच शिस्तीने चालत होता. नैऋत्येचा पाऊस भरात असताना पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं बंद असायची. एडनहून भारताकडे येणारी जहाजं ऑगस्टच्या अखेरीस, वाऱ्याचा जोर ओसरताना निघायची. परतीसाठी थंडीतल्या ईशान्येच्या वाऱ्याची वाट पाहावी लागे. ८५१ च्या सुमाराच्या एका अरबी वृत्तांतात मस्कतहून केरळातल्या कोल्लमला पोचायला मध्यम वाऱ्यावर एक महिना लागतो असं दिलं आहे. म्हणजे प्रत्यक्ष प्रवास थोड्या दिवसांचा आणि मुक्काम कित्येक महिन्यांचा. वारा चुकला तर पुढच्या वर्षापर्यंत तिथेच.

या मुक्कामाचे परिणाम फार खोल गेले. महिनोन् महिने राहायचं तर घर हवं, वखार हवी, प्रार्थनेची जागा हवी, भांडण झालं तर निवाडा करणारा हवा. काहींनी तिथेच लग्नं केली, पुढच्या पिढ्या तिथल्याच झाल्या. दरवर्षी स्वतः जाणं परवडत नाही, म्हणून तिकडे कायमचा माणूस ठेवायचा, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला पत्रव्यवहार. लांब पल्ल्याच्या व्यापाराची सगळी यंत्रणा या सक्तीच्या थांबण्यातून घडली असं माझं मत आहे.

आता गिऱ्हाइकं. ७६२ मध्ये अब्बासी खलिफांनी बगदाद वसवलं आणि इराकच्या नद्या, बसरा, इराणच्या किनाऱ्यावरचं सिराफ ही सगळी साखळी एका श्रीमंत राजधानीला जोडली गेली. दुसऱ्या टोकाला तांग घराण्याचा चीन. या दोघांमध्ये काय आणि किती जात होतं याचा ठोस पुरावा १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ समुद्राच्या तळाशी सापडला.

ते जहाज नवव्या शतकातलं. पश्चिम हिंदी महासागराच्या पद्धतीने बांधलेलं: फळ्यांना भोकं पाडून त्या दोरीने शिवलेल्या, लोखंडी खिळ्याचा पत्ता नाही. काही लाकूड आफ्रिकेतलं. आत सुमारे ६०,००० नग, आणि त्यातले बहुतेक चीनमधल्या चांगशाच्या भट्ट्यांमध्ये भाजलेले साधे वाडगे. हे वाडगे कसे भरले होते पाहा. माणसाच्या कमरेइतक्या मोठ्या रांजणात ते एकात एक घालून, गोल वळणाने रचत वरपर्यंत नेले होते, त्यामुळे हजार-बाराशे वर्षं पाण्याखाली राहूनही असंख्य वाडगे धड निघाले. प्रत्येकावर ब्रशच्या चार-दोन फटकाऱ्यांत काढलेलं चित्र: कुठे पक्षी, कुठे मासा, कुठे ढग, कुठे अरबी अक्षरांचा भास व्हावा अशा रेघा. एका वाडग्यावर चिनी कालगणनेतली तारीख आहे, ती ८२६ सालाची. सोन्याचे पेलेही त्या जहाजात होते आणि संग्रहालयात गर्दी त्यांच्याभोवतीच होते. मला मात्र वाडगे महत्त्वाचे वाटतात. कुणीतरी चांगशातल्या कुंभारांना पश्चिमेकडच्या गिऱ्हाइकाची आवड कळवत होतं, ते हजारोंच्या संख्येने माल काढत होते आणि हा ठिसूळ, स्वस्त माल हजारो मैल वाहून नेणं परवडत होतं. राजेरजवाड्यांच्या चैनीच्या वस्तूंपुरता व्यापार असता तर असं जहाज भरलंच नसतं.

पण एकाच जहाजाने इराणच्या आखातातून थेट चीन गाठायचं ही पद्धत फार काळ टिकली नाही. ८७८-७९ च्या सुमारास हुआंग छाओच्या बंडखोरांनी दक्षिण चीनमधलं ग्वांगझू बंदर लुटलं, तिथल्या परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल झाली. पश्चिमेकडची जहाजं त्यानंतर मलाय द्वीपकल्पावरच्या कलाह बंदरापर्यंत जाऊ लागली आणि चीनकडचा माल तिथे येऊ लागला. यातून व्यापार आक्रसायला हवा होता, पण झालं उलटं. मार्गाचे तुकडे पडले आणि प्रत्येक तुकडा एकेका मोसमात नीट बसू लागला. एडन ते मलबार एक टप्पा, मलबार किंवा चोळांचा किनारा ते मलाक्काची सामुद्रधुनी दुसरा, तिथून चीन तिसरा. प्रत्येकाने आपला टप्पा, आपला वारा, आपली माणसं सांभाळायची. मधल्या बंदरांना त्यामुळे सोन्याचे दिवस आले. राजेंद्र चोळाने १०२५ मध्ये सुमात्रातल्या श्रीविजय राज्याच्या बंदरांवर आरमार पाठवलं त्यामागेही या मधल्या नाक्यांवरचा ताबा हे एक कारण असावं. चोळांचे दूत १०१५, १०३३ आणि १०७७ मध्ये चीनच्या दरबारात पोचले होते, यावरून त्यांना त्या बाजारात किती रस होता हे दिसतं.

पुढे दोन्ही टोकांची गिऱ्हाइकं बदलली. ९६९ मध्ये फातिमी खलिफांनी इजिप्त घेतलं, कैरो उभं राहिलं आणि आखाताकडचा ओघ हळूहळू तांबड्या समुद्राकडे वळला. एडनचं महत्त्व वाढलं. सिराफला ९७७ च्या भूकंपाचा तडाखाही बसला होता. चीनमध्ये सोंग राजवटीने ९७१ मध्ये ग्वांगझूला आणि १०८७ मध्ये छ्वानझोला सागरी व्यापाराची सरकारी कचेरी उघडली. ११२७ मध्ये उत्तर चीन हातचा गेल्यावर तर सोंग दरबाराला बंदरांवरच्या जकातीची फारच निकड भासू लागली. भूमीवरचा महसूल भरपूर असलेल्या राजाला समुद्राकडे पाठ फिरवता येते, सोंगांना ती सोय राहिली नव्हती.

तंत्राचा मोठा भाग याच काळातला आणि तो मुख्यतः चीनकडचा. १११९ च्या एका चिनी ग्रंथात जहाजावर होकायंत्र वापरल्याचा उल्लेख आहे. छ्वानझोजवळ १९७४ मध्ये उत्खनन केलेलं तेराव्या शतकातलं जहाज आडव्या भिंती घालून तेरा कप्प्यांत विभागलेलं होतं. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी जहाज तगावं अशी ती रचना. त्यात मिरी होती आणि दोन टनांहून अधिक सुगंधी लाकूड. आपल्या बाजूचे खलाशी मात्र ताऱ्यांची उंची बोटांनी मोजत, पाण्याचा रंग आणि पक्षी पाहत, काथ्याने शिवलेल्या जहाजांतून कित्येक शतकं उत्तम व्यापार करत राहिले. शिवलेलं जहाज लाटेबरोबर थोडं लवतं, वाळूवर आपटलं तरी चटकन फुटत नाही आणि दुरुस्तीला नारळाचा काथ्या असला की भागतं.

आता कोकण. इथे पुरावा इतका चांगला आहे की शाळेच्या पुस्तकांत त्याला चार ओळीही मिळत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार राज्य करत होते आणि त्यांचे अधिपती होते राष्ट्रकूट. मसूदी लिहितो की इथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले. त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमतो, त्याला हुनरमन म्हणतात, आणि त्या लोकांचे तंटे तो त्यांच्या कायद्याने सोडवतो. आकडा थोडा फुगलेला असेल असं धरलं तरी व्यवस्था बघण्यासारखी आहे. दूरच्या व्यापाऱ्याला सगळ्यात मोठी धास्ती असते ती परक्या न्यायाची. राजाने ती आधीच दूर करून ठेवली होती.

चौलच्या उत्तरेला संजाणचं उदाहरण याहून पुढचं आहे. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ९२६ च्या ताम्रपटानुसार राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण मंडलाचा कारभार मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब वंशाचा अधिकारी पाहत होता. मधुमती म्हणजे मुहंमद. त्याने आसपासच्या बंदरांवर आपली माणसं नेमली, लोकांसाठी फुकट तर चालवली, भात, कालवण आणि तूप वाढणारं अन्नछत्र घातलं, आणि त्याच्याच कारकिर्दीत तिथल्या देवीच्या मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, जमीन दिली गेली. संजाण आणि चौल इथल्या उत्खननांत पश्चिम आशियातली झिलईची खापरं आणि चिनी भांड्यांचे तुकडे निघाले आहेत, ते या ताम्रपटाशेजारी ठेवून पाहिले की चित्र पूर्ण होतं.

माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र दक्षिण कोकणातला आहे, कणकवली तालुक्यातल्या खारेपाटणचा. शके ९३० म्हणजे इसवी सन १००८ चा हा ताम्रपट रट्टराज शिलाहाराचा. अव्वेश्वराच्या देवळासाठी आणि तिथल्या शैव तपस्व्यांसाठी त्याने काही गावं दिली आणि त्याबरोबर बंदराचं उत्पन्नही दिलं. ते असं: द्वीपांतरातून, म्हणजे परदेशातून, येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सोन्याचा गद्याण आणि कंदलमूलीय या ठिकाणाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सोन्याचा धरण (गद्याण आणि धरण ही त्या काळची नाणी). चेमुल्य आणि चंद्रपूरची जहाजं यातून वगळली आहेत. चेमुल्य म्हणजे चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर. एका छोट्या राजाच्या एका खाडीवर, हजार वर्षांपूर्वी, परदेशी जहाज आणि ठरावीक ठिकाणचं जहाज यांना वेगवेगळे दर आहेत आणि शेजारच्या दोन बंदरांना माफी आहे. महत्त्वाचं हे की दर ठरलेला आहे आणि तो लिहून ठेवलेला आहे. व्यापाऱ्याला कर देण्याचं फारसं वावडं नसतं. बंदरात शिरल्यावर कुणी किती उकळेल याचा नेम नसला की तो दुसरं बंदर शोधतो. गोव्याच्या कदंबांकडेही हेच दिसतं: पहिल्या जयकेशीच्या १०५९ च्या ताम्रपटात त्याच्या पदरच्या ताजिक कुळातल्या अधिकाऱ्याला मशिदीच्या खर्चासाठी जहाजांवर आकार घेण्याची मुभा दिली आहे.

राजाने आश्रय दिला तरी व्यापाऱ्यांचा आपापसातला भरवसा उरतोच. एडनला बसलेल्या माणसाने मंगळूरला पाठवलेला पैसा परत येईल कशावरून? याचं उत्तर कैरोच्या जुन्या भागातल्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मिळालं. देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही या श्रद्धेमुळे तिथल्या एका खोलीत शतकानुशतकं कागद साठत गेले, आणि त्यांत व्यापाऱ्यांची खासगी पत्रं निघाली. भाषा अरबी, लिपी हिब्रू.

त्यातला अब्राहम बेन यिजू हा मूळचा ट्युनिशियातल्या महदियाचा ज्यू व्यापारी. ११३२ च्या सुमारास तो मलबारकडे आला आणि मंगळूरला राहिला. तिथे त्याने पितळी भांडी घडवण्याचा कारखाना चालवला, मिरी, वेलची आणि लोखंड पश्चिमेला पाठवलं. ऑक्टोबर ११३२ मध्ये त्याने अशू नावाच्या दासीला मुक्त केलं, पुढे तिच्याशी संसार केला. ११४९ मध्ये तो एडनला परतला. तो मंगळूरला असताना त्याचे एडनमधले मित्र त्याला पत्रं लिहीत: तुझी मिरी अमुक भावाने विकली, इतकी जकात गेली, उरलेल्या पैशाचं हे हे घेऊन पाठवतो आहे. सोबत भेट म्हणून साखर, मनुका आणि कागद. कागद इकडे मिळत नसे, म्हणून त्याला त्याची फार किंमत. एका पत्रात एडनजवळ बुडालेल्या जहाजाची हकीकत आहे. मिरी सगळी गेली, पण एडनहून पाणबुडे आणून साधारण निम्मं लोखंड वर काढलं. हा हिशेब तिकडचा मित्र करतो आणि इकडचा मुकाट्याने मान्य करतो, कारण दोघांचाही दुसऱ्यावाचून धंदा चालणार नसतो.

विश्वास नेहमीच फळाला येत होता असंही नाही. बेन यिजूमार्फत एका स्थानिक कारदाराला, म्हणजे अडत्याला, वेलचीसाठी आगाऊ पैसे दिले होते आणि त्याने माल दिलाच नाही. वर्षामागून वर्षं पत्रांत ही रखडलेली वेलची येत राहते. शेवटी एडनचे व्यापारी सुचवतात की त्याला बजावा, आमच्या इथे देणं बुडवणाऱ्याला बहिष्कृत करतात आणि तसं पत्र काढून पाठवू. समुद्रापलीकडच्या माणसावर फौजदारी करता येत नव्हती, पण त्याची अब्रू सगळ्या बंदरांत घालवता येत होती. पत्राची नक्कल चार बंदरांत पोचली की त्या माणसाला पुढच्या मोसमात उधारी मिळणं कठीण.

भांडवलासाठीही पद्धती बसल्या होत्या. एकाने पैसा घालायचा, दुसऱ्याने प्रवास आणि मेहनत, नफा ठरल्या वाट्याने, आणि जहाज बुडालं तर प्रवास करणाऱ्यावर पैशाचं ओझं नाही. इस्लामी जगात याला किराद म्हणत. जिनोआ आणि व्हेनिसमध्ये अशाच करारात साधारणपणे तीन चतुर्थांश नफा पैसेवाल्याचा आणि एक चतुर्थांश प्रवाशाचा असे. दक्षिण भारतात हेच काम श्रेणी, म्हणजे व्यापाऱ्यांचे संघ, करत होत्या. ऐहोळेच्या पाचशे स्वामींचा संघ सगळ्यांत मोठा. कोल्हापूर आणि मिरजेच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखांत या संघाचे व्यापारी देणग्या देताना दिसतात, आणि याच संघाच्या तमिळ शाखेचा १०८८ चा शिलालेख सुमात्रातल्या बारूसजवळ, कापराच्या मुलखात आहे. घाटावरची पेठ आणि सुमात्राचं रान एका नावाखाली आणणारी संघटना किती पसरलेली असेल याची यावरून कल्पना यावी.

सगळं सुरळीत होतं असा समज मात्र करून घेऊ नका. ११३५ मध्ये आखातातल्या कीश बेटाच्या राजाने एडनवर आरमार पाठवून बंदराची कोंडी केली. ती फुटली सिराफच्या रामिश्त या व्यापाऱ्याची दोन जहाजं येऊन पोचल्यावर. हा रामिश्त इतका श्रीमंत की त्याने मक्केच्या काबाला चिनी कापडाचं आच्छादन घातलं होतं. गुलामांची खरेदी-विक्री याच जहाजांतून होत होती. आपल्या ठाण्याबद्दल तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो लिहितो की इथून कातडं आणि सुती कापड जातं, आणि इथल्या राजाने चाच्यांशी संधान बांधलं आहे: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. अरबी घोड्यांची भूक दख्खनच्या सगळ्याच राजांना होती आणि ते घोडे समुद्रावरूनच येत, त्यामुळे हा मोह समजण्यासारखा आहे. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर खारेपाटणचा लिहिलेला दर आणि ठाण्याची ही मिलीभगत यांतलं अंतर फार मोठं आहे. बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत, त्यांवर रांगेने वल्ही मारत येणारी लढाऊ जहाजं कोरली आहेत. अनेक अभ्यासक त्यांचा संबंध शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या १२६५ च्या सुमाराच्या आरमारी लढाईशी लावतात. मुंबईत असाल तर लोकलने जाऊन पाहता येतील, जरूर पाहा. मध्ययुगीन भारतीय जहाजांची दगडातली इतकी तपशीलवार चित्रं फार थोड्या ठिकाणी आहेत.

आता तुमच्या प्रश्नातला वाट्याचा मुद्दा. आकड्यात तो सांगता येईल असं मी म्हणणार नाही. मिरीचा मोठा ओघ मलबारचा होता, घोडे आणि कापडाच्या व्यापारात गुजरातचं खंबायत पुढे होतं. कोकणाची बंदरं या दोघांच्या मध्ये, आणि प्रत्येकाच्या पाठीशी घाट: बोरघाट, नाणेघाट, आंबा, फोंडा. तेर, पैठण, कोल्हापूरकडचा माल या वाटांनी उतरायचा आणि आलेला माल या वाटांनी वर चढायचा. एका मोठ्या बंदराऐवजी लहान-मोठ्या खाड्यांची माळ, आणि एका खाडीत त्रास झाला की व्यापारी शेजारच्या खाडीत. राजांवर वचक राहायला एवढं पुरेसं होतं.

हा वचक सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला संपला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला तो याच रुळलेल्या वाटेने, पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून जाणता वाटाड्या सोबत घेऊन. पोर्तुगिजांनी आणलेली नवी गोष्ट म्हणजे कार्ताझ, समुद्रावर जहाज हाकण्याचा परवाना. तोवर राजे बंदरात आलेल्या जहाजाकडून कर घेत होते. आता भर समुद्रात, बिनपरवान्याचं म्हणून जहाज पकडून माल जप्त होऊ लागला, आणि चौलपासून दाभोळपर्यंतच्या नाखव्यांना दुसरी खाडी गाठून सुटका करून घेण्याचा मार्ग उरला नाही.